सीईटीचे गणित : नशिबाचा नव्हे, नियोजनाचा पेपर

सीईटी, पर्सेंटाइल, कॅप राऊंड हे शब्द आता आपल्या वस्त्यांमधूनही ऐकू येऊ लागले आहेत. ज्या घरात कालपर्यंत 'मुलगा दहावी झाला' एवढ्यावर पेढे वाटले जात, त्या घरातली मुलगी आज संगणक अभियांत्रिकीला जायचे म्हणते. ही चळवळीची कमाई आहे, तिचा आम्हाला अभिमान आहे. परंतु याच मुलीला 'गणिताचा पेपर कसा सोडवणार?' असे विचारले, तर उत्तर येते, 'येईल तेवढे सोडवायचे, बाकी नशीब.' हे नशीब आपल्या घरात कोणी आणून ठेवले? ज्या बापाने दैववाद गाडायला शिकवले, त्याच्या लेकरांनी परीक्षेच्या दालनात जाऊन दैवावर हवाला ठेवावा, हे आम्हाला पटत नाही. म्हणून आजचा हा लेख घोषणांचा नाही, आकड्यांचा आहे.

गणित आणि आपला समाज यांचे नाते जुने आहे आणि ते कडू आहे. खतावणीतला आकडा वाचता येत नाही म्हणून शेतकरी सावकार-कुळकर्ण्यांकडून कसा नाडला जातो, हे जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये उघडे करून दाखवले. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना शिक्षकांनी फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, तेव्हा वर्गात गलका झाला. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे होते. ते विटाळतील म्हणून मुले धावली, डबे बाजूला फेकले गेले आणि मगच बाबासाहेबांना फळ्यापर्यंत जाता आले. हा प्रसंग धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात नोंदलेला आहे. गणित येत होते, पण फळ्यापर्यंत जाण्याची वाट अडवलेली होती. त्याच विद्यार्थ्याने पुढे लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि तो १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. चलन, विनिमय दर, सोने-चांदी यांच्या आकड्यांनी भरलेला तो ग्रंथ आहे. तेव्हा 'गणित आपल्या रक्तात नाही' असे म्हणणाऱ्याने आधी तो ग्रंथ उघडून पाहावा.

आज फळ्यामागे डबे नाहीत. आज वाट अडते ती वेगळ्या रीतीने. शहरातल्या लाखभर रुपयांच्या क्लासमध्ये मुलाला केवळ गणित शिकवत नाहीत. पेपर कसा वाचायचा, कोणता प्रश्न सोडायचा, पर्यायांवरून उत्तर कसे पकडायचे, हेही शिकवतात. आपला मुलगा मात्र बारावीच्या बोर्डाच्या सवयीने पायरी-पायरीने उदाहरण सोडवत बसतो आणि वेळ संपल्याची सूचना आली की रडत बाहेर येतो. दोघांच्या गुणांत जो फरक पडतो, त्याला मग 'मेरिट' हे गोंडस नाव दिले जाते. त्या फरकाचा मोठा भाग हा बुद्धीचा नसून माहितीचा असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. ही माहिती काही कोणाची वतनदारी नाही. ती आम्ही येथे मांडत आहोत.

आधी परीक्षा ओळखा

राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेत, म्हणजे एमएचटी-सीईटीत, अभियांत्रिकीसाठीचा पीसीएम गट २०० गुणांचा असतो. फिजिक्सचे ५० प्रश्न, केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. गणिताचेही ५० प्रश्नच, पण प्रत्येकी २ गुण. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. निम्मी परीक्षा गणिताची आहे, हे आपल्या किती पालकांना ठाऊक आहे? तिन्ही विषयांना सारखा वेळ देणारा विद्यार्थी हिशेबातच चुकतो.

गणिताच्या पेपरला ९० मिनिटे असतात. ९० मिनिटे म्हणजे ५,४०० सेकंद. ५० प्रश्नांनी भागले की एका प्रश्नाला १०८ सेकंद मिळतात, पुरती दोन मिनिटेही नाहीत. फिजिक्स-केमिस्ट्रीची ९० मिनिटे वेगळी असतात. तिकडचा उरलेला वेळ इकडे वळवता येत नाही. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. हा शेवटचा नियम ठळक अक्षरांत लिहून अभ्यासाच्या भिंतीवर लावावा, इतका महत्त्वाचा आहे.

अभ्यासक्रमाचे प्रमाण असे की साधारण १० प्रश्न अकरावीवर आणि ४० प्रश्न बारावीवर. अकरावीची सगळी प्रकरणे नसतात, निवडक असतात. त्यात सरळ रेषा, वर्तुळ, संभाव्यता, कॉम्प्लेक्स नंबर, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, फंक्शन, लिमिट ही आली. कोणती प्रकरणे आहेत याची यादी सीईटी कक्ष जाहीर करतो. ती त्या-त्या वर्षीची पाहूनच अभ्यास लावावा, मित्राच्या मित्राने सांगितले म्हणून नव्हे. अकरावीचे पुस्तक रद्दीत घालणारा विद्यार्थी १० प्रश्न म्हणजे २० गुण रद्दीत घालतो.

बारावीच्या २०२० पासूनच्या पुस्तकात पंधरा प्रकरणे आहेत. त्यांतली सहा कलनाची : डिफरन्सिएशन, त्याचे उपयोग, दोन प्रकारचे इंटिग्रेशन, त्याचा क्षेत्रफळासाठी उपयोग आणि डिफरन्शियल इक्वेशन. ही सहा प्रकरणे एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत. पहिले कच्चे राहिले की पुढची पाच डळमळतात. म्हणून डिफरन्सिएशनची सूत्रे झोपेतून उठवून विचारली तरी यायला हवीत. याउलट मॅथेमॅटिकल लॉजिक, मॅट्रिक्स, लिनिअर प्रोग्रॅमिंग, बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन ही प्रकरणे तुलनेने सुटी आहेत. मागचे फारसे येत नसले तरी ती आठवडा-पंधरा दिवसांत हाताखाली येतात. ज्याची सुरुवातच उशिरा झाली आहे, त्याने ही सुटी प्रकरणे आधी पक्की करावीत, मग कलनाला हात घालावा.

पर्सेंटाइलचा बागुलबुवा

या परीक्षेचा निकाल टक्क्यांत लागत नाही, पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९० गुण नव्हेत. आपल्या सत्रात परीक्षा दिलेल्या दर १०० विद्यार्थ्यांपैकी ९० जणांना आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण आहेत, असा त्याचा अर्थ. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो, म्हणून ही पद्धत ठेवली आहे.

यातून घेण्यासारखा धडा असा. पेपर अवघड निघाला तर तो तुमच्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड निघालेला असतो. क्लासवाल्या मुलालाही, तुम्हालाही. पहिले पाच प्रश्न आले नाहीत म्हणून ज्याचे हातपाय गळाले, तो हरला. ज्याने 'अवघड आहे तर सर्वांना आहे' असे म्हणून पुढचा प्रश्न उघडला, तो त्याच पेपरात पुढे जातो. अवघड पेपरात चार-पाच प्रश्न जास्त सुटले तरी पर्सेंटाइलमध्ये मोठी उडी मिळते.

तीन फेऱ्यांत पेपर

आमची सूचना अशी की ९० मिनिटांचे तीन भाग करावेत.

पहिली फेरी ४५ मिनिटांची. पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत जायचे आणि वाचताक्षणी वाट दिसते तेवढेच प्रश्न सोडवायचे. वाट दिसत नसेल तर अर्ध्या मिनिटात प्रश्न सोडून पुढे सरकायचे. येथे अहंकार आडवा येतो. 'हे तर मला यायलाच हवे' असे म्हणत एका प्रश्नावर सहा मिनिटे घालवणारा विद्यार्थी त्याच वेळेत सुटणारे तीन सोपे प्रश्न गमावतो. अवघड प्रश्नालाही २ गुण आणि सोप्यालाही २ गुण, हे विसरू नये.

दुसरी फेरी ३० मिनिटांची. संगणकाच्या पडद्यावर पुन्हा पाहण्यासाठी खूण करून ठेवण्याची सोय असते. ज्या प्रश्नांची वाट दिसते पण आकडेमोड लांब आहे, असे प्रश्न या फेरीत घ्यायचे. मात्र खूण करताना हाती असलेले अंदाजाचे उत्तरही तेथेच निवडून ठेवावे. परत यायला वेळ मिळाला नाही तरी रकाना रिकामा राहत नाही.

तिसरी फेरी १५ मिनिटांची. यात नवे काही उकरायचे नाही. उरलेल्या प्रश्नांतले उघड चुकीचे पर्याय छाटायचे आणि एकही प्रश्न कोरा न ठेवता पेपर संपवायचा. समजा १२ प्रश्न उरले. डोळे झाकून उत्तरे दिली तरी सरासरीने ३ बरोबर येतात, म्हणजे ६ गुण. प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय चुकीचे आहेत एवढे ओळखता आले, तर सरासरीने ६ बरोबर, म्हणजे १२ गुण. कोरे ठेवले तर शून्य. हे नशीब नव्हे, ही संभाव्यता आहे, आणि ती तुमच्याच पुस्तकातले एक प्रकरण आहे. 'तिसरा पर्याय जास्त वेळा बरोबर असतो' असली वदंता मात्र कानाआड करावी. तिला काही आधार नाही.

येथे एक इशारा. हाच नियम जेईई मेनला जसाच्या तसा लावू नये. तेथे बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्याला १ गुण कापला जातो. तेथे १६ प्रश्नांवर आंधळा अंदाज केला तर सरासरीने ४ बरोबर, म्हणजे १६ गुण, आणि १२ चूक, म्हणजे उणे १२. हाती उरतात ४. पण ही झाली सरासरी. एखाद्या दिवशी हिशेब उणेही जाऊ शकतो. म्हणून जेईईत किमान एक-दोन पर्याय छाटता आले तरच हात घालावा. परीक्षा बदलली की डावपेच बदलतो.

पर्यायांनाच बोलते करा

बोर्डाच्या परीक्षेत उत्तर शोधावे लागते. सीईटीत उत्तर समोर ठेवलेले असते, फक्त ते तीन खोट्यांच्या गर्दीत असते. म्हणून नेहमी पुढूनच जायला हवे असे नाही. उत्तराकडून मागे येण्याची वाटही खुली आहे.

उदाहरण घेऊ. एका रेषेचे समीकरण विचारले आहे. ती (२, ३) या बिंदूतून जाते आणि ३क्ष + ४य = ५ या रेषेला लंब आहे. पर्याय चार : ४क्ष − ३य + १ = ०, ४क्ष − ३य − १ = ०, ४क्ष + ३य − १७ = ०, ३क्ष + ४य − १८ = ०. प्रथम बिंदू ठेवून पाहा. दुसऱ्या पर्यायात ८ − ९ − १ म्हणजे उणे २ येते, तो बाद. बाकी तिन्हीत शून्य येते. आता लंबाची अट. दिलेल्या रेषेचा चढ उणे तीन-चतुर्थांश आहे, म्हणून लंब रेषेचा चढ चार-तृतीयांश हवा. तो फक्त पहिल्या पर्यायाचा आहे. चौथा पर्याय तर दिलेल्या रेषेला समांतर आहे. घाईत 'लंब' न वाचता 'समांतर' समजणाऱ्यासाठी तो मुद्दाम ठेवलेला असतो. खोटे पर्याय असे नेहमीच्या चुका ओळखूनच तयार केलेले असतात. 'माझे उत्तर पर्यायात आहे म्हणजे बरोबरच आहे' असे समजू नये ते यासाठीच.

दुसरी युक्ती म्हणजे किंमत ठेवून पाहण्याची. १ वजा कॉस दोन थीटा, याला साइन दोन थीटाने भागले तर काय मिळते? पर्याय आहेत टॅन थीटा, कॉट थीटा, साइन थीटा, कॉस थीटा. सूत्र आठवत नसेल तर थीटाची एक किंमत ठेवा. बरीच मुले ४५ अंश ठेवतात. उत्तर १ येते. पण ४५ अंशांना टॅनही १ आणि कॉटही १. मुलगा अडकला. त्याऐवजी ३० अंश ठेवा. कॉस ६० म्हणजे अर्धा, साइन ६० म्हणजे वर्गमूळ तीन भागिले दोन. भागाकार येतो एक भागिले वर्गमूळ तीन, आणि तो फक्त टॅन ३० चा आहे. म्हणून किंमत अशी निवडावी की चारही पर्याय वेगवेगळे निघतील.

इंटिग्रेशनमध्ये उत्तर काढणे जड जात असेल तर पर्यायांचे डिफरन्सिएशन करून प्रश्नातले पद परत येते का ते पाहावे. डिफरन्शियल इक्वेशनमध्ये पर्याय समीकरणात ठेवून पाहावा. लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये पर्यायातले बिंदू अटींत बसतात का ते आधी तपासावे. मॅट्रिक्सचा व्यस्त विचारला असेल तर मूळ मॅट्रिक्सशी गुणाकार करून पहिल्या ओळीची दोन-तीन पदे तपासली तरी बहुतेक वेळा खोटे पर्याय गळून पडतात. संभाव्यतेत 'किमान एक' असे शब्द आले की उलट बाजूने जावे. तीन नाणी फेकली, किमान एक छाप पडण्याची संभाव्यता किती? एकही छाप न पडण्याची एक-अष्टमांश, म्हणून उत्तर सात-अष्टमांश. आणि एखादा पर्याय एकाहून मोठा किंवा उणे असेल, तर तो न वाचताच फेकून द्यावा.

परंतु मित्रांनो, युक्ती ही समज असलेल्याच्याच हाती चालते. शून्य ते पाय भागिले दोन या मर्यादांत साइन क्ष भागिले साइन क्ष अधिक कॉस क्ष याचे इंटिग्रेशन पाय भागिले चार येते, हे पुष्कळ मुलांना पाठ असते. ते का येते हे फार थोड्यांना सांगता येते. क्ष च्या जागी पाय भागिले दोन वजा क्ष ठेवले की साइनचा कॉस आणि कॉसचा साइन होतो. दोन्ही रूपे मिळवली की अपूर्णांक १ होतो. म्हणून उत्तराची दुप्पट पाय भागिले दोन, आणि उत्तर त्याच्या निम्मे. हे एकदा समजले की साइनऐवजी टॅनचे वर्गमूळ आले, घात आले, तरी मुलगा गोंधळत नाही. पाठांतर करणाऱ्याला एक प्रश्न सुटतो, समजून घेणाऱ्याला त्या जातीचे सगळे सुटतात. (जात हा शब्द निदान येथे तरी निरुपद्रवी आहे!)

भाषेची भिंत

आता व्यवस्थेला एक प्रश्न विचारू. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रश्न मराठीतून घेण्याची सोय आहे. गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत, अशी अट माहितीपुस्तिकेत राहत आली आहे. दुसरीकडे देशपातळीवरची जेईई मेन २०२१ पासून तेरा भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे. म्हणजे देशाच्या परीक्षेत गणित मराठीतून वाचता येते आणि महाराष्ट्राच्या परीक्षेत येत नाही! मराठी शाळांच्या नावाने गळे काढणाऱ्यांना हे दिसत नाही काय? दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या किंवा आश्रमशाळेच्या मराठी वर्गात शिकलेल्या मुलाची ही परीक्षा गणिताची घेतली जाते की इंग्रजीची? प्रश्न दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी दिले तर कोणाचे काय बिघडते? ही मागणी आपल्या विद्यार्थी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

मागणी मान्य होईपर्यंत भिंतीला शिडी लावावी लागेल. गणिताच्या पेपरातले इंग्रजी शब्द तसे मोजके असतात. 'अ‍ॅट लीस्ट' म्हणजे किमान, 'अ‍ॅट मोस्ट' म्हणजे जास्तीत जास्त, 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे, 'पर्पेंडिक्युलर' म्हणजे लंब, 'टँजंट' म्हणजे स्पर्शिका, 'नॉर्मल' म्हणजे स्पर्शिकेला लंब असणारी रेषा, 'रेट ऑफ चेंज' म्हणजे बदलाचा दर. असे शंभर-दीडशे शब्द वहीत मराठी अर्थासह लिहून महिनाभर रोज वाचले तर भिंत निम्मी खचते. आणि प्रश्नात 'नॉट' हा शब्द आला की कच्च्या कागदावर तो लिहून त्याभोवती गोल करावा. या तीन अक्षरी इंग्रजी शब्दाने भल्याभल्यांचे गुण खाल्ले आहेत.

पेपर चुकला तर?

परीक्षा घेणारेही माणसेच असतात. २७ एप्रिल २०२५ च्या सत्रात गणिताच्या ५० प्रश्नांपैकी तब्बल २१ प्रश्नांच्या पर्यायांत चुका निघाल्या. विद्यार्थी आणि पालकांनी आवाज उठवला आणि त्या सत्रातल्या २७ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांसाठी ५ मे २०२५ रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, चारही पर्याय जुळत नसतील तर चूक आपलीच आहे असे धरून बसू नये. एकदा प्रश्न नीट वाचावा, एक पर्याय निवडून पुढे जावे. दुसरी, परीक्षेनंतर उत्तरांवर आक्षेप घेण्याची मुदत मिळते आणि दर आक्षेपामागे शुल्क भरावे लागते. ज्या घरात महिनाअखेरीला किराण्याची उधारी असते, ते घर हे शुल्क भरणार कसे? मग हक्क असूनही तो वापरता येत नाही. प्रत्येक तालुक्यात पाच-दहा सुशिक्षित बांधवांनी मिळून असा आक्षेप निधी उभा केला, तर ते मोठे काम होईल.

संशय घेणाऱ्यांना उत्तर

गरिबाच्या मुलाला गणितात चांगले गुण मिळाले की व्यवस्थेला संशय येतो, हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. अमेरिकेत १९८२ साली पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमधले १८ विद्यार्थी कॅल्क्युलसच्या प्रगत परीक्षेत उत्तीर्ण झाले. बहुतेक मुले मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी घरांतली होती. शिक्षक होते जेमी एस्कलांते. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने १४ जणांच्या उत्तरपत्रिकांवर संशय घेतला. १२ जण पुन्हा परीक्षेला बसले आणि सगळे पुन्हा उत्तीर्ण झाले! त्याच देशात काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी मिसिसिपीत लढलेले बॉब मोझेस यांनी १९८२ सालीच 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' सुरू केला. मतदानाचा हक्क मिळाला, आता बीजगणित येणे हाही नागरी हक्कच आहे, ही त्यांची भूमिका होती आणि २०२१ साली निधन होईपर्यंत ते त्याच कामात राहिले. आपल्या चळवळीने या माणसाची ओळख करून घ्यायला हवी.

आपल्यातल्याच काही मुलांना एक गोष्ट रोखठोक सांगायची आहे. 'कॅटेगरीत लागतोच नंबर, मग एवढे कशाला?' हे वाक्य कानावर येते. राखीव जागा हा तुमचा घटनादत्त हक्क आहे, ती कोणाची भीक नाही आणि त्याबद्दल मान खाली घालण्याचे काही कारण नाही. पण प्रवेशाचे दार ओलांडले की पहिल्याच वर्षी इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स उभे राहते आणि तेथे पुन्हा डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन, मॅट्रिक्सच येतात. सीईटीला कच्चे राहिलेले गणित तेथे एटीकेटी होऊन पाठी लागते. जागा हक्काने घ्यायची आणि चार वर्षे टिकवायची ती अभ्यासाने. आणि हो, जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज वेळेवर करा. गणितात गुण मिळवून कागदाअभावी हक्काची जागा हातची जाणे, याहून मोठे दुःख नाही.

समाजाने काय करावे?

ही परीक्षा संगणकावर होते. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा माउस परीक्षा केंद्रावरच धरला, त्याचे काय होणार? पडद्यावर वाचायचे आणि कच्च्या कागदावर सोडवायचे, ही वेगळी सवय आहे. कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून वीसपर्यंतचे पाढे, तीसपर्यंतचे वर्ग तोंडपाठ हवेत. मागील वर्षांचे प्रश्न घड्याळ लावून ९० मिनिटांत सोडवावेत आणि नंतर वहीत तीन रकाने करावेत : येत नव्हते म्हणून गेले, वाचण्यात चुकले, आकडेमोडीत चुकले. दहा पेपरांनंतर ही वही मुलाला त्याचा कच्चा दुवा स्वतः दाखवते. त्यासाठी कोणत्याही क्लासची फी लागत नाही. बार्टी, महाज्योती यांच्या प्रशिक्षण योजनांच्या जाहिरातींवरही नजर ठेवावी.

सीईटीचा हंगाम एप्रिल-मे महिन्यांत येतो. नेमका तेव्हाच आपल्या जयंतीचा जल्लोष असतो. १४ एप्रिल हा आपला सण आहे, तो थाटात व्हावा. परंतु ज्या गल्लीत मुलगी परीक्षेची तयारी करते आहे, त्याच गल्लीत रात्री उशिरापर्यंत डीजे दणाणत असेल, तर आपण कोणाची जयंती साजरी करतो? अनेक वसतिगृहांत आणि विद्यापीठांत जयंतीनिमित्त सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. तो आता वस्तीतल्या विहारात यावा. जयंतीच्या वर्गणीतला काही हिस्सा काढून विहारात दोन जुने संगणक, प्रश्नसंच आणि एक भिंतीवरचे घड्याळ घ्यावे. आपल्यातून अभियंता झालेल्या एका तरुणाने रविवारचे दोन तास द्यावेत. एवढ्याने त्या वस्तीत सीईटीचे केंद्र उभे राहते.

एकेकाळी फळ्यापर्यंत जाण्यासाठी आपल्या बापाला डबे हलण्याची वाट पाहावी लागली. आज पडद्यावर प्रश्न तुमच्यासमोर आहे, १०८ सेकंद तुमच्या हातात आहेत, आणि तुम्हाला थांबवायला कोणी उठणार नाही. पेपर कोरा ठेवू नका.

जयभीम!